काचेवर वाफ धरली असताना मेनू शोधायचा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील वाहनविषयक पुरवणीत नव्या गाड्यांच्या अंतर्रचनेवर जो पानभर लेख आला आहे, त्यात डॅशबोर्डवरील पडदा किती इंचांचा आहे यावरून गाड्यांचा क्रम लावलेला पाहून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. पडद्याचा आकार, त्यावरचे रंग, त्यात दिसणारी गाणी आणि चित्रपट यांचे वर्णन लेखकाने मनापासून केले आहे. परंतु गाडी धावत असताना एसीचा पंखा वाढवायचा झाल्यास चालकाला रस्त्यावरची नजर किती वेळ काढावी लागते, याबद्दल संपूर्ण पानात एक ओळही नाही. बटणांची गर्दी गेल्याने डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, हे मात्र दोनदा सांगितले आहे. लेखक ज्यांना गर्दी म्हणतात, त्यांतील प्रत्येक बटण चालकाला न पाहता सापडत असे आणि त्यासाठीच ते तेथे होते.

गेल्या जुलैतील एका संध्याकाळी मी, माझी पत्नी, सून आणि नात असे चौघे मुलाने घेतलेल्या नव्या गाडीने फोर्टहून मुलुंडला परतत होतो. गाडी मी चालवत होतो. पी. डिमेलो मार्गावरून ईस्टर्न फ्रीवेवर चढेपर्यंत पाऊस बेताचा होता आणि वडाळ्याच्या पुढे त्याने असा जोर धरला की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत राहिले. आत चार माणसांचा श्वास, भिजलेल्या छत्र्या, ओले कपडे आणि बाहेरून पावसाने गार झालेली काच. पाहता पाहता समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. यावरचा उपाय मुंबईच्या पावसात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एसी चालू ठेवून त्याची हवा समोरच्या काचेकडे वळवायची आणि पंखा वाढवायचा. एसीची कोरडी हवा लागली की वाफ उतरते. माझ्या जुन्या गाडीत यासाठी शेजारी शेजारी तीन फिरक्या होत्या. डावा हात गिअरवरून उचलायचा, शेवटची फिरकी चाचपून उजवीकडे अडेपर्यंत फिरवायची, की हवा काचेकडे वळलीच. नजर हलवण्याचे कारण नव्हते.

नव्या गाडीत हे सारे पडद्यात आहे. त्या वेळी पडद्यावर नकाशा होता. आधी खालच्या कडेवरचे पंख्याचे बारीक चिन्ह दाबायचे, मग एसीचे पान उघडते आणि त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात काचेचे चिन्ह असते. मी पहिले चिन्ह दाबतो न दाबतो तोच मुलाचा फोन आला आणि त्याचे नाव पडदाभर पसरले. फोन कापल्याखेरीज खालचे काही दिसेना. तोवर मी एकदा तळहाताने काच पुसली होती, त्यामुळे बोटे ओली होती आणि ओल्या बोटाचा स्पर्श तो पडदा कधी घेई, कधी घेत नसे. हे पडदे बोटामुळे विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ओळखून चालतात. मध्ये पाणी आले की त्यांचा अंदाज चुकतो. मुंबईत जून ते सप्टेंबर कोणाची बोटे कोरडी असतात? अखेर पत्नीने पदराने काच पुसत ठेवली आणि सुनेने मागच्या आसनावरून पुढे वाकून, पट्टा सोडून, ते चिन्ह दाबले, तेव्हा कुठे हवा काचेकडे वळली. फ्रीवेच्या उड्डाणभागावर गाडी बाजूला घ्यायला जागा नव्हती, मागून हॉर्न वाजत होते आणि नात घाबरून रडत होती.

अपघात झाला नाही, एवढ्यावर समाधान मानावे असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. काच दिसेनाशी झाली की चालकाचे सर्वांत पहिले काम ती दिसती करणे हे असते आणि नेमक्या त्याच कामासाठी गाडी बनवणाऱ्याने चालकाला रस्त्यावरून नजर काढायला लावली आहे. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये ही तक्रार नेली, तेव्हा तेथील तरुणाने फार अदबीने सांगितले, "काका, तुम्ही व्हॉइस कमांड वापरत जा, हात लावायची गरजच नाही." त्या गाडीला मराठी कळत नाही आणि टपावर पावसाचा मारा सुरू असला की हिंदी आणि इंग्रजीही कळत नाही, हे मी त्याला तेथेच उभ्या गाडीत, वर पाण्याचा पाइप सोडून दाखवायला लावले. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. काही दिवसांनी गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट झाले आणि काचेचे चिन्ह वरच्या कोपऱ्यातून दुसरीकडे गेले. जे जरा सरावाचे होऊ लागले होते, तेही मालकाला न विचारता हलवले गेले.

मी मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालो. हाताखाली काय असावे आणि डोळ्यांसमोर काय असावे, हा प्रश्न आमच्या केबिनमध्ये दररोज असतो. गाडीचा वेग देणारा मास्टर कंट्रोलर एका हाताखाली, ब्रेकचे हँडल दुसऱ्या हाताखाली. कोणत्या खाचेत हँडल आहे हे मनगटाला कळते, ते पाहावे लागत नाही, कारण डोळे सिग्नलवर आणि रुळांवर असतात. मास्टर कंट्रोलरवर डेडमॅनची योजना असते. मोटरमनचा दाब सुटला तर ब्रेक आपोआप लागतात. ही सारी रचना माणसाचा हात काय करू शकतो याचा विचार करून केलेली आहे. 2007 पासून सीमेन्सच्या नव्या लोकल गाड्या आल्या तेव्हा केबिनमध्ये पडदाही आला. तो आम्हाला उपयोगी पडला. कोणत्या डब्यात काय बिघाड आहे हे बसल्या जागी दिसू लागले. परंतु वेग आणि ब्रेक हँडलमध्येच राहिले, ते कोणी पडद्यात नेले नाहीत. त्यामुळे नव्या तंत्राला घाबरणारा म्हातारा म्हणून कोणी मला बाजूला सारू नये. मुलाच्या गाडीत मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर येते, ते आमच्या सोसायटीच्या अरुंद फाटकात मला फार सोयीचे वाटते. नकाशाही पडद्यावरच असावा. माझा आक्षेप धावत्या गाडीत वारंवार लागणाऱ्या कामांपुरता आहे.

हा आक्षेप माझ्या एकट्याचा नाही. स्वीडनमधील 'वी बीलेगारे' या वाहनविषयक मासिकाने 2022 साली पडदेवाल्या 11 नव्या गाड्या आणि बटणांची 2005 सालची एक व्होल्वो व्ही70 यांची चाचणी घेतली. ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवत असताना तापमान वाढवणे, काचेवरची वाफ घालवणे, रेडिओचे केंद्र लावणे अशी साधी कामे करायची होती आणि चालकांना आधी गाडीची ओळख करून घेऊ दिली होती. जुन्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत, 306 मीटर अंतरात आटोपली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना 44.9 सेकंद लागले आणि तेवढ्यात ती 1,372 मीटर पुढे गेली होती. आपल्या कोस्टल रोडच्या बोगद्यात, ताशी 60 किलोमीटर वेगानेही, तेवढ्या वेळात गाडी सुमारे 750 मीटर जाईल. तो बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आहे. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा विभागाने 2013 सालीच मार्गदर्शक सूत्र दिले होते की गाडीतल्या उपकरणासाठी एका वेळी दोन सेकंदांहून अधिक नजर रस्त्यावरून हटू नये आणि एका कामाला अशी एकूण 12 सेकंदांहून अधिक नजर लागू नये.

समुद्रावरचे एक उदाहरण तर मला विसरता येत नाही. 21 ऑगस्ट 2017 रोजी सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि 10 नौसैनिक मरण पावले. सुकाणूचे नियंत्रण पडद्यावरून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेले होते आणि सुकाणूवरच्या माणसाला वाटत होते की सुकाणूच निकामी झाले. चौकशीत प्रशिक्षणातल्या त्रुटी निघाल्या, तसे त्या पडद्यांच्या रचनेवरही बोट ठेवले गेले आणि त्यानंतर अमेरिकी नौदलाने वेगनियंत्रणाची हाताने ढकलायची हँडले परत बसवण्याचा निर्णय घेतला. युद्धनौकेवर प्रशिक्षित माणसे चोवीस तास असतात. आपल्याकडे परवाना मिळवताना गाडीतल्या पडद्याबद्दल एक प्रश्नही विचारला जात नाही.

बटणे गेली ती सुंदर दिसावे म्हणून गेली, हे कालच्या लेखातले म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रत्येक बटणासाठी वेगळा साचा, वेगळी तार, वेगळी चाचणी लागते. एका पडद्यात सगळे घातले की हा खर्च वाचतो आणि वर तोच पडदा जास्त किमतीच्या गाडीचे लक्षण म्हणून विकता येतो. परदेशात ग्राहकांनी तक्रारी केल्यावर कंपन्या माघारी वळू लागल्या आहेत. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखांनी 2025 साली जाहीरपणे सांगितले की आवाज, दोन्ही बाजूंचे तापमान, पंखा आणि धोक्याच्या इशाऱ्यासाठी एकदम लागणारे चारही इंडिकेटर यांसाठी खरी बटणे त्यांच्या पुढच्या गाड्यांत परत येतील. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या यूरो एनकॅप संस्थेने 2026 पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, चारही इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचा कॉल यांना हाताला लागणारी स्वतंत्र बटणे किंवा दांड्या असण्याला महत्त्व दिले आहे. हा कायदा नाही, पण पाच ताऱ्यांसाठी प्रत्येक कंपनी धडपडते, म्हणून त्याचा परिणाम होतो. आपले भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे आणि त्याचे तारे जाहिरातींत झळकू लागले आहेत. गाडी आदळल्यावर आतली माणसे कितपत वाचतील हे ते तारे सांगतात. गाडी आदळू नये म्हणून चालकाची नजर रस्त्यावर राहील का, याचे गुणही त्यात धरावेत, आणि आपल्या यादीत समोरच्या काचेची वाफ घालवण्याचे बटण युरोपच्या आधी घ्यावे, कारण आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो.

याच ओघात वाहतूक पोलिसांसाठीही एक विचारणा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. मग ॲपवरच्या टॅक्सीत गाडीच्या पडद्याशेजारी आणखी दोन मोबाइल अडकवून, धावत्या गाडीत भाडे स्वीकारण्यासाठी त्यांवर बोटे मारत जाणारे चालक रोज दिसतात, त्यांना कोणी थांबवत का नाही? त्या चालकांना काही सेकंदांत भाडे स्वीकारायला लावणाऱ्या कंपन्यांना कोणी जाब का विचारत नाही? मोबाइल हातात नसून काचेला चिकटवलेला आहे, एवढ्याने समोरचा पादचारी सुरक्षित होत नाही.

आपल्या पुरवणीचा वाचक गाडी घेण्याआधी त्यातले परीक्षण कापून ठेवतो. मुलानेही तसेच केले होते. म्हणून आपल्याकडे आग्रहाची विनंती आहे की यापुढे ज्या गाडीचे परीक्षण छापाल, त्यात परीक्षकाने ती गाडी पावसात किंवा निदान ओल्या बोटांनी चालवून पाहावी आणि समोरच्या काचेची वाफ घालवायला, पंखा वाढवायला, वायपरचा वेग बदलायला आणि चारही इंडिकेटर लावायला किती सेकंद लागले, त्यातली किती कामे न पाहता झाली, हे पडद्याच्या इंचांच्या आधी छापावे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त मोटरमन
मुलुंड (पूर्व), मुंबई