रस्त्यावरचा बर्फ पालिकेचा, फुटपाथवरचा माझा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ज्याच्या दारापुढचा बर्फ, त्यानेच तो उपसावा’ अशा आशयाची दोन पत्रं आपण नुकतीच छापलीत. दोन्ही पत्रलेखकांच्या घराला फुटपाथ एकाच बाजूने असणार, याबद्दल मला शंका नाही. माझं घर कोपऱ्यावर आहे.

कोपरा म्हणजे काय ते हिशेबानेच सांगतो. समोर 15 मीटर आणि बाजूला 30, असा 45 मीटर फुटपाथ माझ्या वाट्याला येतो. रुंदी दीड मीटर. रात्रीत 20 सेंटिमीटर बर्फ पडला की साडेतेरा घनमीटर माल झाला. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तरी साडेतेराशे किलो. हा गुणी बर्फ. पाणी धरलेला असला तर वजन दुपटीच्या पुढे जातं, शिवाय तो फावड्याला चिकटून बसतो. कामावर जाण्याआधी, अंधारात, हे सगळं उचलायचं. आणि टाकायचं कुठे? रस्त्यावर टाकायला बंदी. म्हणजे अंगणात. हिवाळा निम्मा सरेपर्यंत अंगणातला ढीग छातीला लागतो आणि प्रत्येक फावडं खांद्यापर्यंत न्यावं लागतं.

हे मी वीस वर्षं करत आलोय. डोकं फिरतं ते वरंब्यापायी.

पालिकेची नांगरगाडी रस्त्यावरून जाते तेव्हा तिचं तिरपं पातं बर्फ कडेला लोटत नेतं आणि मागे लांबच लांब वरंबा सोडतं. मी साडेपाचला कोपरा साफ करतो. सव्वासातला गाडी येते आणि फुटपाथवरून उतरून रस्ता ओलांडायची जी जागा, नेमका तिथेच गुडघाभर वरंबा घालून जाते. हा आभाळातून पडलेला बर्फ नसतो. चाकांखाली तुडवलेला, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने भिजलेला, मध्येमध्ये गोठलेली ढेकळं असलेला राडा असतो. तासाभराने त्यावर फावडं टण्णकन वाजतं आणि पहार काढावी लागते. नियमाने हा वरंबाही माझाच. गेल्या हिवाळ्यात एका दिवसात तो मी तीनदा फोडला. चौथ्यांदा गाडी आली तेव्हा खिडकीशी नुसता उभा राहिलो. चालकाने हात हलवला, मीही हलवला. त्याचं काय चुकलं? त्याला रस्ता मोकळा करायला सांगितलंय, तो त्याने केला. रस्ता एकाकडे आणि फुटपाथ दुसऱ्याकडे दिला की एकाचं काम पुरं होतं ते दुसऱ्याचं बिघडवूनच.

ही वाटणी आमच्याच शहराची नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळी 7 ते संध्याकाळी 5 या वेळेत बर्फ थांबला तर घरमालकाला 4 तासांत फुटपाथ मोकळा करावा लागतो. रात्री 9 नंतर थांबला तर सकाळी 11 पर्यंत सवलत. ऑस्ट्रियात सकाळी 6 ते रात्री 10 ही जबाबदारी फुटपाथला लागून असलेल्या मालमत्तेच्या मालकाची, आणि तसं थेट वाहतूक कायद्यातच लिहिलेलं आहे. जर्मनीत बहुतेक गावांनी ती मालकांवर टाकली आहे आणि मालक ती भाडेकरारातून भाडेकरूवर ढकलू शकतात. तुम्ही गावाला गेलात किंवा आजारी पडलात तर बदली माणूस तुम्हीच नेमायचा. मला यात गंमत वाटते ती अशी, की फुटपाथ माझा नाही. तो मी खणू शकत नाही, त्यावर कुंडी ठेवू शकत नाही. त्याखालून पाण्याचे नळ आणि केबली जातात त्याही मला विचारून नाही. तो फक्त बर्फ पडला की माझा होतो.

‘शेजारधर्म’ हा शब्द त्या दोन्ही पत्रांत होता. शेजारधर्माला माझी ना नाही. पलीकडच्या आजींच्या पायऱ्या मी न सांगता साफ करतो. पण फुटपाथ म्हणजे काही घरापुढचे सुटे तुकडे नव्हेत. एका आळीत वीस घरं, त्यांतल्या अठरांनी चोख साफ केलं, एक बंद आहे आणि एकाला फिकीर नाही, तर चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी ती अख्खी आळी बंद. बाबागाडी घेऊन निघालेली बाई त्या दोन घरांपाशी रस्त्यावर उतरते आणि मोटारींच्या शेजारून, गाडीच्या पात्याने गुळगुळीत केलेल्या बर्फावरून चालते. अठरा घरांची मेहनत त्या दोन घरांपाशी वाया. दंड करा म्हणाल, तर दंडाची नोटीस पोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. आणि फावडं मारणं हे वाटतं तितकं साधं नाही. थंड हवेत, वाकून, हातांनी एकदम जोराचं काम करताना रक्तदाब आणि ठोके झपाट्याने चढतात. मोठ्या हिमवृष्टीनंतर पुरुषांमधले हृदयविकाराचे झटके वाढतात, हे कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या नोंदींच्या अभ्यासात 2017 साली दिसून आलं. ज्यांना डॉक्टरांनी फावडं हातात घेऊ नका असं बजावलंय, त्यांच्याही दारापुढे फुटपाथ असतोच.

मिठाबद्दलही एक सांगायला हवं. कुणी घसरून पडलं तर दावा आपल्यावर येईल या धास्तीने लोक मूठभर लागतं तिथे बादलीभर मीठ ओततात. साधं मीठ उणे 10 अंशांच्या खाली फारसं चालतच नाही, तरी ओततात. ते सगळं गटारातून ओढ्यात जातं, आणि जाण्याआधी काँक्रीट नि लोखंड दोन्ही खातं. एकच यंत्रणा असेल तर तापमान बघून, मोजून मीठ टाकता येतं. अंशाला न जुमानणाऱ्या हजार बादल्यांना कोण आवरणार?

पालिकेला हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी माँट्रियलकडे बघावं. तिथे फुटपाथही शहरच साफ करतं, त्यासाठी अरुंद नांगरगाड्या आहेत. रस्ता नि फुटपाथ यांचा बर्फ एकत्र करून ट्रकमध्ये भरतात आणि जुन्या खाणीत किंवा थेट सांडपाण्याच्या वाहिन्यांत टाकतात. भरणी सुरू होण्याआधी गल्लीत भोंगा वाजतो. तेव्हाही मोटार हलवली नाही तर ती उचलून नेतात. म्हणजे नागरिकावर काहीच जबाबदारी नाही असं नाही, ज्याची मोटार त्याने ती वेळेत हलवायची. टोरांटोत अनेक भागांत घरमालकच फुटपाथ साफ करत. 2021 सालच्या हिवाळ्यापासून शहराने जवळपास सगळे फुटपाथ स्वतःकडे घेतले. दोन्ही ठिकाणी तक्रारी असतात, उशीर होतो, यंत्रं हिरवळ खरवडतात. पण तक्रार करायला एक दार तरी असतं.

आधी काय साफ करायचं, हाही प्रश्न पैशाइतकाच मोठा आहे. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा नावाच्या छोट्या गावाने आपला क्रम तपासला तेव्हा लक्षात आलं, की मोठ्या रस्त्यांना पहिला मान देणं म्हणजे मोटारवाल्यांना पहिला मान देणं. पायी नि सायकलवर जाणाऱ्यांत बायका जास्त, त्या शेवटी. त्यांनी बालवाड्यांजवळच्या वाटा, पायवाटा, सायकलवाटा आधी घेतल्या. काही सेंटिमीटर बर्फातून मोटार जाते, बाबागाडी ढकलून बघा.

नगरसेवकांसाठी एवढंच, की 1969 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दिवसेंदिवस रस्ते उपसले गेले नाहीत आणि महापौर जॉन लिंडसे यांना लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. 1979 साली शिकागोच्या महापौरांची खुर्ची बऱ्याच अंशी बर्फापायीच गेली. तो सगळा राग मुख्यतः रस्त्यांचा होता. फुटपाथवर घसरून पडणारा एकेकटा पडतो, म्हणून त्याचा मोर्चा निघत नाही. त्याच्या मोडलेल्या मनगटाचा खर्च पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो रुग्णालयाच्या वहीत जातो.

कर वाढेल, हे मला कबूल आहे. आजही आम्ही खर्च करतोच: कुणी फावड्याने, कुणी पोराला पैसे देऊन, कुणी पाठीने. सगळं पहिल्याच वर्षी होणार नाही, हेही कळतं. मग सुरुवात कोपऱ्यांपासून करा. प्रत्येक चौकातले रस्ता ओलांडायचे उतार, बसथांबे, शाळा नि दवाखान्यांपुढचा फुटपाथ एवढं पालिकेने घ्यावं, आणि मोठी गाडी जाऊन आल्यावर छोटी गाडी मागोमाग यावी, म्हणजे जिचा वरंबा तिनेच तो उचलला. आळीतले सरळ पट्टे पुढच्या दोन-तीन वर्षांत. दारापासून फुटपाथपर्यंतची वाट, पायऱ्या आणि माझ्या भिंतीलगतचा आग विझवायचा नळ हे माझं काम. ते मी करीन, आजींच्या पायऱ्यांसकट.

आपला,
कोपऱ्यावरच्या घरातला एक वाचक