चौथी सूचना अधोरेखित होती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : रॉकशॉक्स जुडी एसएल (१९९६) फोर्कची दुरुस्ती न करता तो रंगवून पाठवल्याबद्दल

महोदय,

जानेवारीत मी माझ्या जुन्या माउंटन बाइकचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा दोन पायांचा भाग, दुरुस्तीसाठी आपल्याकडे पाठवला होता. तीन आठवडे सांगितले होते, तो अकराव्या आठवड्यात, म्हणजे परवा घरी आला. उशिराबद्दल मी भांडत नाही. जुन्या वस्तूला वेळ लागतो. तक्रार आहे ती खोक्यातून जे निघालं त्याची.

नोकरीनिमित्त कोलोरॅडोत असताना घेतलेली ही सायकल मी पुण्याला परतताना सोबत आणली आणि पुढे कित्येक वर्षं वेताळ टेकडीवर फिरवली. या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी युरेथेनचे ठोकळे असतात, इलॅस्टोमर. वय झालं की ते एकतर दगड होतात, नाहीतर विरघळतात. माझे विरघळले. वरची टोपी काढली तेव्हा डिंकासारखे तार धरत बाहेर आले. त्याबद्दल बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही, तीस वर्षं होत आली.

म्हणून सोबतच्या चिठ्ठीत मी चार गोष्टी लिहिल्या होत्या. ठोकळे काढून स्टीलच्या स्प्रिंगा बसवा, डाव्या पायातल्या डँपर कार्ट्रिजला (फोर्कची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळकांड्याला) नवे सील आणि तेल घाला, काढलेले सुटे भाग परत पाठवा. आणि चौथी, अधोरेखित करून : रंगाला आणि स्टिकरला हात लावू नका.

आपण चौथ्यापासूनच सुरुवात केलीत.

जुडी एसएलचा पिवळा हा त्या काळच्या सायकलवाल्यांना लांबून ओळखू येणारा रंग. माझ्या फोर्कवर तो थोडा उडालेला होता, पण मूळचा होता. आता त्यावर आपण पावडर कोटिंग करून रिक्षाच्या टपाचा पिवळा चढवला आहे. मूळ स्टिकर गेले ते गेलेच. आपल्या जाहिरातीत १९९० च्या डुरँगोच्या जागतिक माउंटन बाइक स्पर्धेचा मोठ्या कौतुकाने उल्लेख आहे. ग्रेग हर्बोल्ड तिथे डाउनहिल, म्हणजे उतारावरची शर्यत, जिंकला तो रॉकशॉक्सच्या पहिल्या फोर्कवर, हेही त्यात आहे. इतका इतिहास माहीत असलेल्यांनी स्टिकर खरवडावेत?

रंगाचं दुःख मी गिळलं असतं. पण पावडर कोटिंगच्या आधी धातूवर वाळूचा मारा करतात आणि नंतर तो साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. खालच्या मॅग्नेशियमच्या पायांत बुशिंग (वरच्या नळ्या ज्यांतून सरकतात ती कडी) बसलेली असताना, तोंडं न झाकता, आपण हे दोन्ही केलंत. मी करंगळी आत घालून फिरवली, तर ग्रीससोबत रव्यासारखी वाळू बोटाला आली. तोवर मी फोर्क चार-पाच वेळा दाबून पाहिला होता. उजव्या पायात सरकणाऱ्या नळीवर आता बोटभर लांबीचा उभा ओरखडा आहे, नख अडकेल एवढा खोल. चाक लावून पुढचा ब्रेक धरला आणि सायकल मागेपुढे हलवली तर टक-टक वाजते. पाठवताना वाजत नव्हती, आणि त्याचा व्हिडिओ मी पार्सल करण्याआधीच आपल्याला दिला आहे.

आणखी एक. जुडीच्या खालच्या पायांना ग्रीस लागतं. आजकालच्या फोर्कसारखं तळाशी तेल ओतायचं नसतं. आपण ओतलंत. रात्री फोर्क वर्तमानपत्रावर उभा ठेवला होता, सकाळी रविवारची पुरवणी तेलाने पारदर्शक झाली होती.

फोन केला तेव्हा आपल्या वर्कशॉपमधला मुलगा म्हणाला, "काका, पण दिसतोय तर एकदम नवा!" त्याच्यावर माझा राग नाही, वयाने तो फोर्कपेक्षा लहान असावा. पण माझी चिठ्ठी त्याला कुणी दाखवली होती का, हे विचारल्यावर त्याने फोन साहेबांकडे दिला, आणि साहेब मीटिंगमध्ये होते. ते अजून मीटिंगमध्येच आहेत.

स्प्रिंगा मात्र नीट बसवल्या आहेत, माझ्या वजनाला योग्य आहेत. त्यांचे पैसे मी मागत नाही. बिल १४,५०० रुपयांचं आहे. त्यातले रंगकामाचे ४,२०० रुपये परत करावेत, कारण ते काम मी सांगितलंच नव्हतं. दोन्ही पाय आतून धुऊन योग्य मापाची बुशिंग आपल्या खर्चाने बसवावीत. ओरखडा पडलेली नळी बदलून द्यावी. तसली नळी सहज मिळत नाही हे मला ठाऊक आहे, शोधणं आता आपलं काम. आणि माझे जुने भाग, त्या चिकट ठोकळ्यांसकट, परत हवेत. कचऱ्यात टाकले असतील तर तसं लेखी कळवा.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या गावी मला हेलपाटे पडणार नाहीत.

सोबत बिल, चिठ्ठीची प्रत आणि नऊ फोटो जोडले आहेत. नववा त्या पुरवणीचा आहे.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे