पट मोजताय, मग अंतर पण मोजा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कमी पटाच्या झेडपी शाळा मोठ्या शाळेत मर्ज करायचा विषय काही संपत नाहीये, म्हणून लिहितेय. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळच्या अशा शाळांची उदाहरणं दिली होती, आणि राज्यात कमी पटाच्या शाळा तेव्हा जवळपास १५ हजार होत्या. मी मूळची पाटण तालुक्यातली, साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवते, त्यामुळं हा हिशोब मला दोन्ही बाजूंनी दिसतो आणि तो अर्धाच मांडला जातोय असं मला मनापासून वाटतं.

अधिकारी म्हणतात, नऊ पोरं, दोन शिक्षक, म्हणजे पर स्टुडंट खर्च एवढा, परवडत नाही. गणित बरोबर आहे. पण शाळा बंद झाली की तो खर्च झेडपीच्या वहीतून निघून पोरांच्या घरात जाऊन बसतो, आणि तिथं तो कोणी लिहूनच ठेवत नाही. आमच्याकडच्या एका वाडीवर बघा, मोठी शाळा खाली रस्त्याच्या गावात, मधे ओढा, साकव आहे पण जुलैमध्ये पाणी वरून जातं, सकाळची एसटी शाळेच्या वेळेला जुळत नाही आणि वडापवाला (शेअर जीपवाला) चार पोरांसाठी गाडी वर आणत नाही. मग आई सोडायला जाते, परत येईपर्यंत शेतावरची गँग निघून गेलेली असते, तिचा अर्धा रोज बुडाला. असं किती दिवस चालणार? पहिल्यांदा सुटते ती मुलगी, कारण धाकट्या भावाला घरी सांभाळायला कोणीतरी पाहिजेच असतं.

अंतराचा हा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी नीट मोजलेला आहे. अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात काही गावांत गावातच शाळा काढली आणि काही गावांत नाही, तर दिसलं असं की शाळा एक मैल लांब गेली की पटनोंदणी १६ टक्के पॉइंटनं घसरते, म्हणजे शंभरातली आणखी सोळा पोरं शाळेबाहेर राहतात, आणि गावात शाळा आली की मुलं-मुलींमधली दरी जवळजवळ मिटते. बिहारनं २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले, त्यावर कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांचा पेपर आहे, मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलामुलींतला फरक ४० टक्क्यांनी कमी झाला, आणि जास्त फायदा झाला तो हायस्कूल लांब असलेल्या गावांत. इंडोनेशियानं १९७३ पासून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, एस्थर डुफ्लो यांनी पुढं त्या पोरांची कमाई तपासली, तर शिक्षणाची वर्षं पण वाढलेली आणि मजुरी पण. म्हणजे जवळची शाळा हा खर्च वाया जात नाही, तो वीस-पंचवीस वर्षांनी परत येतो, फक्त या वर्षीच्या बजेटमध्ये दिसत नाही.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. पट कमी झाला म्हणजे गावाला शाळा नको असं नाही हो. ज्यांना जमतं त्यांनी पोरं कराडला नाहीतर इंग्लिश मिडीयमच्या व्हॅनमध्ये घातली, मुंबईला नोकरी असेल तर तिकडं नेली, आणि मागं राहिले ते धनगरवाड्यावरचे, भूमिहीन, एकट्या आईची पोरं. मग पटाच्या आकड्यावरून निर्णय घेतला की शिक्षा नेमकी ह्यांनाच होते, कारण बाकीचे आधीच निघून गेलेत.

लहान शाळेत सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता एका खोलीत घेतो, त्यात ऑनलाइन माहिती भर, मीटिंगला जा, पोषण आहाराचा हिशोब ठेव, आणि पोरांना बरोबरीचे मित्र नाहीत हे अधिकारी म्हणतात ते पण खरंच आहे. मोठ्या शाळेत लॅब, ग्राउंड, विषयाला वेगळे शिक्षक मिळत असतील तर कुणाला नकोय? पण तिथपर्यंत पोरगं रोज पोचलं पाहिजे ना. जावळीत खिरखंडीच्या मुली कोयनेच्या बॅकवॉटरमधून स्वतः होडी वल्हवत आणि पुढं जंगलातून चालत शाळेला जायच्या, ते पेपरात आल्यावर २०२२ ला मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही.

आणि जिल्हा कोणता, तर ज्योतिबा फुल्यांचं मूळ गाव कटगुण जिथं आहे तो. १८८२ ला हंटर कमिशनपुढं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, त्यांनी हेच मांडलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गाकडं जातो, प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते लांबच्या गरीब पोरांची राहायची-जेवायची सोय व्हावी म्हणूनच, आधी सोय आणि मग शाळा, हा क्रम त्यांना बरोबर कळला होता.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे असं आहे, पण ते अंतर नकाशावर मोजू नका. माझी मागणी एवढीच आहे की कुठलीही शाळा मर्ज करायच्या आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी जुलै महिन्यात एकदा तो रस्ता पोरांबरोबर चालून बघावा, प्रत्येक पोराचं घर ते नवी शाळा अंतर, ओढे, एसटीची वेळ आणि पालकांचा बुडणारा रोज हे सगळं कागदावर ग्रामसभेत वाचून दाखवावं. गाडी ठरली असेल तर ती एक वर्ष आधी सुरू करावी, पोरं खरंच रोज जातात का ते हजेरीवरून बघावं आणि तोपर्यंत जुन्या शाळेला कुलूप लावू नये.

आपली एक वाचक,
सातारा