मागच्या चाकाचं बेअरिंग हाताच्या अंदाजाने नाही, डायल गेजनेच सेट होतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या स्पोर्ट्स कार्सवर पेपरात काही छापून आलं की मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून. पण बहुतेक वेळा तेच असतं, रंगाचे किती कोट मारले, क्रोम कसं चकाकतंय, इंजिन किती सीसीचं, लिलावात बोली कुठवर गेली. ज्या चाकांवर ही गाडी उभी राहते त्यांच्या बेअरिंगबद्दल एक ओळ नसते, आणि मागच्या चाकांबद्दल तर नाहीच नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, लांब झालंय, जागा कमी पडली तर बाकी काही कापा पण आकडे कापू नका ही विनंती.

आधी पुढच्या आणि मागच्या चाकातला फरक सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या चाकाला इंजिनची ताकद जात नाही, त्यामुळे तिथे चाक फिरवत नट आवळायचा, थोडा सैल सोडायचा, कॉटर पिन घालायची, काम झालं. मागे असं करून चालत नाही. तिथे ताकद स्पिंडलमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यातून, चाकाकडे जाते, त्या दांड्यावरचा फ्लँज (जोडणीची चकती) घट्ट धरून ठेवायचा तर नट पूर्ण आवळावाच लागतो. उदाहरण घ्या 1963 ते 1982 मधल्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं, त्या काळातल्या सगळ्या कॉर्व्हेटना मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारं) होतं आणि मागच्या स्पिंडलचा नट 100 फूट-पौंडांनी आवळायचा असतो. मग नट सैल करून प्ले, म्हणजे बेअरिंगला हलायची किंचित मोकळीक, द्यायची सोयच नाही ना! प्ले ठरतो तो आत, दोन बेअरिंगच्या मधे जी स्पेसरची (अंतर राखणारी) नळी आणि शिम, म्हणजे पातळ चकती, असते त्यांच्या एकूण लांबीवर. शिम जाड घातली तर दोन्ही कोन (बेअरिंगच्या आतल्या कड्या) एकमेकांपासून लांब राहतात आणि प्ले वाढतो, पातळ घातली तर जवळ येतात आणि प्ले कमी होतो, आणखी पातळ घातली तर प्ले संपून बेअरिंग दाबलं जातं. हे एकदा डोक्यात बसलं की मग कळतं की नट आवळून किंवा सैल करून काहीही सुधारणार नाहीये, सगळं खोलून शिमच बदलावी लागणार.

ही बेअरिंग टेपर रोलरची, म्हणजे निमुळत्या रोलरची. पेटंट 1898 चं, हेन्री टिमकेन यांचं, आणि आजही तत्त्व तेच आहे, रोलर तिरके असल्यामुळे गाडीचं वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही पेलतात. पण तिरके असल्यामुळेच त्यांना नेमकी जागा लागते. नेमकी म्हणजे किती, तर कॉर्व्हेटच्या मॅन्युअलमध्ये एंड प्ले (अक्षाच्या दिशेने आतबाहेर होणारा प्ले) एक ते आठ थाऊ दिलाय. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये 0.025 च्या आसपास. जॅग्वार ई टाइप, जी 1961 मध्ये आली, तिच्या मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागाला, दोन ते सहा थाऊ. एवढ्याशा फटीवर चाक नीट फिरणार की नाही हे ठरतं, आणि लोक म्हणतात हाताने हलवून बघितलं, ठीक आहे! हाताला दोन थाऊ आणि सात थाऊमधला फरक खात्रीने कळतो असं जो म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास नाही, मग तो कितीही अनुभवी असू दे.

जास्त प्ले असला तर काय बिघडतं? या दोन्ही गाड्यांमध्ये एक खास गोष्ट आहे, मागचा हाफ शाफ्ट (चाकापर्यंत ताकद नेणारा आडवा दांडा) नुसती ताकद पोचवत नाही, तो सस्पेन्शनच्या वरच्या लिंकचंही काम करतो. म्हणजे वळणावरचा रेटा त्या सगळ्या साखळीतून जातो आणि त्यात हबचा प्ले मिसळला की चाक आपला कोन धरून ठेवत नाही, गाडीची मागची बाजू बिचकल्यासारखी वाटते आणि माणूस टायर बदलतो, अलाइनमेंट करतो, शॉक ऍब्सॉर्बर बदलतो, पैसे जातात आणि गाडी तशीच. कॉर्व्हेटमध्ये तर ब्रेकवरही परिणाम होतो. 1965 पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, डिस्क दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये चार पिस्टन आणि त्यांना लिप सील, म्हणजे पातळ कडेचे रबरी सील. डिस्क फिरताना डोलत असली किंवा बेअरिंगच्या प्लेमुळे आतबाहेर होत असली की पिस्टन सारखे मागेपुढे होतात आणि सीलच्या कडेने हवा आत ओढली जाते. पेडल मऊ पडतं. मग ब्लीडिंग करा, म्हणजे ब्रेकमधली हवा काढा, परत करा, मास्टर सिलिंडर बदला, आणि मूळ दोष बसलाय बेअरिंगमध्ये नाहीतर डिस्कच्या रनआऊटमध्ये, म्हणजे फिरताना डोलण्यात. कारखान्यात ही डिस्क स्पिंडलला रिव्हेट करून मग मशीन केलेली असायची, त्यामुळे रिव्हेट ड्रिल करून डिस्क काढायची असेल तर आधी खूण करा आणि परत त्याच जागी बसवा, आणि बसवल्यावर रनआऊट मोजाच.

आता उलटी बाजू, म्हणजे प्लेच नाही. याची मला जास्त भीती वाटते, कारण प्ले जास्त असला तर निदान आवाज येतो, काहीतरी हलतं, माणूस सावध होतो. बेअरिंग दाबलेलं असलं तर सुरुवातीला सगळं छान वाटतं, अजिबात खडखड नाही. मग चालवताना हब गरम होतो, ग्रीस पातळ होतं, रोलरची टोकं कोनच्या कडेला घासायला लागतात, धातू निळा पडतो, आणखी पुढे गेलं तर बेअरिंग जाम होऊन कोन स्पिंडलवरच फिरायला लागतो. तिथून पुढे चाक गाडीपासून वेगळं होण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि हे वेगात झालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. म्हणून "अगदी टाइट बसवलंय" हे कौतुकाने सांगितलं की मला काळजी वाटते.

मग करायचं कसं? जॅग्वारच्या मॅन्युअलमधली पद्धत मला फार आवडते कारण तिच्यात अंदाजाला जागाच नाही. आधी 0.150 इंच जाडीची मास्टर कॉलर (मोजणीपुरती घालायची रिंग) घालून हब जोडायचा, डायल गेज, म्हणजे थाऊमध्ये हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लावून एंड प्ले मोजायचा. समजा 29 थाऊ आला. आपल्याला हवा मधला, चार थाऊ. 29 मधून चार गेले, राहिले 25, म्हणजे कॉलरपेक्षा 25 थाऊ पातळ स्पेसर पाहिजे, 0.125 इंच. स्पेसर मिळतात 0.109 पासून 0.151 पर्यंत, तीन-तीन थाऊच्या पायरीने, प्रत्येकावर इंग्रजी अक्षर असतं. 0.125 चा नसतो, मग 0.124 चा घ्यायचा, प्ले तीन थाऊ येईल. 0.127 चा घेतला तर सहा थाऊ, म्हणजे चालेल पण अगदी काठावर. शाळेतली वजाबाकी आहे, पण ती करायचा कंटाळा लोकांना फार.

कॉर्व्हेटमध्ये काम जरा किचकट आहे कारण कोन स्पिंडलवर प्रेसने बसतात, शिम बदलायची म्हणजे दरवेळी प्रेसवर काढा, परत बसवा, आणि दर काढघालीत नवीन बेअरिंगला इजा व्हायची शक्यता. म्हणून जाणकार लोक सेटअपसाठी थोडा बारीक केलेला डमी स्पिंडल वापरतात, त्याच्यावर कोन हाताने सरकतो, शिम ठरवून घेतली की मगच खरा स्पिंडल. तरीही खऱ्या स्पिंडलवर बसवल्यावर परत मोजायचं, कारण प्रेस फिटने कोन किंचित फुगतो आणि डमीवरचा आकडा तसाच राहीलच असं नाही. मॅन्युअल आठ थाऊपर्यंत चालेल म्हणतं, पण नवीन बेअरिंग घालून एवढं काम केल्यावर आठवर समाधान मानणं मला पटत नाही, मी एक ते दोन थाऊच धरतो, वरची हद्द ब्रेकच्या सीलना परवडत नाही. तयार शिम ठरावीक जाडीच्या मिळतात, मधली जाडी हवी असेल तर सरफेस ग्राइंडरवर करून घ्या. एमरी पेपरवर हाताने घासू नका, एक बाजू पातळ होते आणि कोन तिरका बसतो.

मोजण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण चूक इथेच होते. गेजचा मॅग्नेटिक स्टँड हाउसिंगवर आणि गेजचं टोक स्पिंडलच्या तोंडावर, अक्षाच्या सरळ रेषेत. तिरकं लावलं तर आकडा खोटा. स्पिंडल फिरवत फिरवत एका दिशेने दाबा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतील, गेज शून्यावर आणा, मग फिरवतच उलट दिशेने ओढा. दोनचार वेळा करा, आकडा तोच यायला पाहिजे, येत नसेल तर काहीतरी बसलेलं नाहीये. बहुतेक वेळा कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी, असतो. कप हाउसिंगमध्ये तळाला टेकला नसेल तर आज प्ले बरोबर येतो आणि गाडी चालल्यावर कप आत सरकून प्ले वाढतो, म्हणून कपच्या मागे सगळ्यात बारीक फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का बघा, गेली तर परत ठोका. गाडी जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवून बघणं हे फक्त संशय घेण्यापुरतं ठीक आहे, कारण त्यात सस्पेन्शनचे बुश आणि क्रॉसचा (हाफ शाफ्टच्या सांध्याचा) प्लेही मिसळतो.

बाकी नेहमीचंच. कपवर खड्डे, रेघा किंवा निळसर डाग दिसले की बदला, आणि कप व कोन जोडीनेच बदला, नुसता कोन बदलून जुन्या कपवर चालवू नका. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवायची सवय अनेकांना आहे, आवाज छान येतो पण ते खरंच धोकादायक आहे, आणि कोरडं फिरवल्याने रोलरही खराब होतात. ग्रीस रोलरच्या मधे पूर्ण दाबून भरा, नुसतं वरून फासू नका. जुनं ग्रीस सगळं काढा, वेगवेगळ्या प्रकारचं ग्रीस मिसळलं तर कधी कधी पातळ होऊन वाहतं. ऑइल सील कायम नवीन.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आजच्या बहुतेक गाड्यांना हब युनिट, म्हणजे बेअरिंगसकट तयार हब, येतं, बोल्ट खोला, नवीन लावा, ऍडजस्ट करायला काही नसतं. त्यामुळे नव्या मेकॅनिकना शिम आणि गेजचं काम शिकायला मिळतच नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही, पण जुनी गाडी त्यांच्या हातात गेली की ते हेच युनिटसारखं बसवतात. ज्यांना येतं त्यांनी पोरांना शेजारी उभं करून गेज हातात द्यायला पाहिजे. आणि गाडीमालकांनी "रिबिल्ट" म्हणून आलेला हब तसाच घेऊ नये, एंड प्ले किती थाऊ आला आणि कुठल्या जाडीची शिम घातली हे डाव्या-उजव्या चाकाचं वेगवेगळं लिहून मागावं. लिहून देता येत नसेल तर मोजलेलं नाहीये असं समजा आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी स्वतः गेज लावून बघा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही हब हाताने तपासा, एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर ब्रेक घासतोय का ते आधी बघा, घासत नसेल तर तो हब परत खोला.

आपला,
एक वाचक