विषय : रो हाऊस क्र. ७ मधील पोहण्याच्या तलावाचे हिरवे पाणी (पुन्हा एकदा)

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

महोदय,

सप्रेम नमस्कार.

याच विषयावर मी आपल्याला आधी लिहिले आहे, सेक्रेटरींच्या कानावर घातले आहे आणि वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत मांडूनही पाहिले आहे. तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. मी तक्रारखोर माणूस नाही. क्र. ७ ची आडवी लावलेली गाडी, त्यांचा कुत्रा, गच्चीवरून माझ्या अंगणात उडून येणारे त्यांचे कपडे, यांबद्दल मी आजवर एकही लेखी तक्रार केलेली नाही. हवी तर फाईल पाहावी.

आजची स्थिती अशी. माझ्या जिन्याच्या खिडकीतून त्यांचा तलाव पूर्ण दिसतो. (मी मुद्दाम पाहत नाही, खिडकीच तिथे आहे.) तलावाची दुसरी पायरी अंधूक दिसते, तिसरी दिसतच नाही. एक रबरी बदक कित्येक दिवसांपासून एकाच कोपऱ्यात अडकून आहे आणि पाण्याला टेकलेला त्याचा भाग हिरवा झाला आहे. तळ दिसत नसलेल्या पाण्यात उद्या एखादे मूल पडले, तर काठावर उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसणार नाही. पंप बंद, त्यामुळे पाणी स्थिर, आणि स्थिर पाण्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते. डास इतके थांबत नाहीत.

या सदस्यांना मी कुंपणावरून सगळे समजावून सांगितले आहे. पाणी हिरवे होते शेवाळामुळे, आणि शेवाळ फोफावते क्लोरीन कमी पडल्यामुळे. मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवला, तर ही वेळच येत नाही. पीएच वर गेला की क्लोरीनचा जोर ओसरतो, म्हणून आधी पीएच तपासायचा. हे गृहस्थ भर दुपारी क्लोरीन ओततात आणि उन्हाने तो उडून गेला की "माल खराब निघाला" म्हणतात.

मग त्यांनी गोळ्या आणल्या. त्या गोळ्यांतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. ते बेताचे असले तर क्लोरीनला उन्हापासून सांभाळते, पण साचत गेले की क्लोरीनलाच जखडून ठेवते. तेव्हा थोडे पाणी काढून ताजे भरण्यावाचून इलाज नसतो. हेही मीच त्यांना सांगितले. त्यांनी त्यातले "पाणी काढणे" तेवढे ऐकले आणि पाइप माझ्या भिंतीलगतच्या गटारात सोडला. गटार तुंबले आणि ते हिरवे पाणी माझ्या वाफ्यांत आले. ताजे पाणी अजून भरलेले नाही.

खरे तर काम अवघड नाही. ऊन उतरल्यावर भिंती आणि पायऱ्या ब्रशने खरवडायच्या, क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा आणि पंप दिवसरात्र चालू ठेवायचा. फिल्टरचा दाब एरवीपेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटे सोडून फिल्टर धुवायचा. पाणी आधी दुधी, राखाडी होते. इथेच लोक धीर सोडतात, वास्तविक शेवाळ मेल्याचे ते लक्षण असते. ते तळाशी बसले की व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचे. यावर क्र. ७ चे उत्तर ठरलेले आहे : रात्री पंप बंद ठेवण्याचा ठराव तुमच्याच अर्जावरून झाला. झाला असेल. तो ठराव आवाजाबद्दल होता. आवाज न करणारा पंप बसवायला कोणीही हरकत घेतली नव्हती.

एक बाब मात्र गंभीर आहे. ब्लीचिंग पावडर आणि त्या गोळ्या ते एकाच बादलीत, एकाच मापाने हाताळतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. मी हे बजावले तेव्हा ते हसले.

इतर सदस्यांना हाताशी धरून उपद्रव देणारा मी नव्हे, पण क्र. ६ पूर्णपणे माझ्या बाजूने आहेत. क्र. ९ सही करायला तयार नाहीत, तरी बोलताना त्यांनी मान हलवली होती. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे काही सदस्याने करू नये, हे आपल्या उपविधींत स्वच्छ लिहिले आहे. त्याच नियमावलीत कुंपणाबाहेर गेलेल्या फांद्यांचाही उल्लेख आहे, तो येथे अप्रस्तुत आहे. पाने पाण्यात कुजली की क्लोरीन खर्च होतो हे मला मान्य आहे. पण पाने काढायला जाळी मिळते, आणि ती मी त्यांना दाखवलीही आहे.

तरी विनंती, की तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत तलावाच्या फाटकाला कुलूप लावावे, दोन्ही रसायने वेगळ्या, कोरड्या जागी ठेवायला लावावीत, आणि पाहणीसाठी उपसमिती नेमावी. उपसमितीसाठी मी उपलब्ध आहे. पीएच तपासण्याचा संच माझ्याकडे आहे.

या पत्राची पोच मिळावी. मागच्या पत्रांची मिळालेली नाही.

आपला विश्वासू,
सदस्य, रो हाऊस क्र. ८

ता. क. : माझ्या झाडाबाबत क्र. ७ चे पत्र आपल्याकडे आल्याचे कळले. तो विषय वेगळा असल्याने सवडीने घ्यावा, घाई नाही.