चार जीबीचे आठ जीबी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीत मी जेल रोडवरून साडेसात हजारांचा मोबाइल घेतला. खोक्यावर ठळक ‘८ जीबी रॅम’, म्हणजे फोन चालू कामं ज्यात ठेवतो ती वेगवान मेमरी. घरी येऊन भिंगातून वाचलं तेव्हा खाली बारीक अक्षरांत ४+४ दिसलं. म्हणजे खरी रॅम चारच. उरलेली चार स्टोरेजमधून, म्हणजे फोटो-फाइली साठवायच्या जागेतून उसनी, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ. मी तरी याला फसवणूकच म्हणेन.

फोन वाईट नाही. ५,००० एमएएचची बॅटरी मला दोन दिवस पुरते, जुना इयरफोन लागतो, रिंग स्वयंपाकघरात ऐकू येते. पण भाजीवालीला २० रुपये द्यायला यूपीआय उघडलं की पांढऱ्या पडद्यावर गोल फिरतच राहतो; ती बिचारी कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी. उन्हात तर हाताचा आडोसा केल्याशिवाय आकडे दिसत नाहीत.

सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला सांगता आलं नाही. माझ्या पेन्शनचं खातं याच फोनवर आहे, म्हणून विचारलं होतं. खरी रॅम आणि अपडेटची मुदत खोक्यावर ठळक छापणं कंपन्यांना बंधनकारक करावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर