संमतीचा संबंध आणि अत्याचार यांना एकच नाव नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पतीने धमकावून मित्रांशी शरीरसंबंध ठेवायला लावल्याची फिर्याद एखादी विवाहिता देते आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी ‘वाइफ स्वॅपिंग’ म्हणजे ‘पत्नींची अदलाबदल’ अशा मथळ्याखाली झळकते. परभणीत वकिली करताना एका पक्षकार महिलेने असेच कात्रण माझ्यासमोर ठेवले होते. तिच्या फिर्यादीत ‘मारहाण करून’ आणि ‘जिवे मारण्याची धमकी देऊन’ हे शब्द होते, मथळ्यात त्यांचा मागमूस नव्हता. गावात मात्र ‘हिचीही संमती असणार’ अशी कुजबुज सुरू झाली होती.

सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांना वेगवेगळी नावे आहेत. तिघांच्या संबंधाला थ्रीसम, अनेकांच्या एकत्रित संबंधाला समूहसंभोग आणि जोडप्यांनी परस्परसंमतीने जोडीदार बदलण्याला स्विंगिंग म्हणतात. पॉलिअ‍ॅमरी म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली, एकाहून अधिक व्यक्तींशी असलेली प्रेमाची नाती. त्यात समूहसंभोग असेलच असे नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रातही एका पुरुषाच्या दोन स्त्रियांशी एकत्रित संबंधाला ‘संघाटक’ आणि अनेक स्त्रियांशी असलेल्या संबंधाला ‘गोयूथिक’ अशी स्वतंत्र नावे आहेत. त्यामुळे हे भेद नोंदवणे आपल्या संस्कृतीला परके आहे, ही सबब मला पटत नाही.

कायदा तर याहून स्पष्ट आहे. भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. व्यभिचार आज घटस्फोटाचे कारण ठरू शकतो, गुन्हा नाही. याउलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७० नुसार सामूहिक बलात्काराला किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे आणि सामाईक इराद्याने साथ देणारा प्रत्येक जण त्यात दोषी ठरतो. अठरा वर्षांखालील मुलीची वा मुलाची ‘संमती’ तर बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा मानतच नाही.

म्हणून फिर्यादीत जबरदस्तीचा उल्लेख असेल, तेथे ‘लैंगिक अत्याचार’ वा ‘सामूहिक बलात्काराचा आरोप’ असेच छापावे, आणि बायको ही देवाणघेवाणीची वस्तू ठरवणारा ‘पत्नींची अदलाबदल’ हा शब्दप्रयोग कायमचा वगळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीडितेची ओळख उघड करण्यास न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करते. नाव गाळून गाव, पतीचा व्यवसाय आणि त्याचे छायाचित्र छापले, तर लहान गावात ती ओळख उघडच होते. याचीही आपल्या जिल्हा वार्ताहरांना लेखी सूचना द्यावी.

आपली,
एक वकील वाचक, परभणी